सहा टाक्यांचा रेडीमेड सेंट्रल फिल्ट्रेशन सेट : पंपाआधी निचरा तपासा

माशांच्या सहा टाक्या, खाली एक सम्प (पाणी गाळणारी टाकी), पाणी परत वर चढवणारा एक रिटर्न पंप आणि सगळ्यांना जोडणारी पाइपची जाळी असा तयार सेट घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जुळवावा, हा प्रश्न टाक्यांची संख्या चारच्या पुढे गेली की येतोच. आमचं मत आधीच सांगून टाकतो. रॅक, भोकं पाडलेल्या टाक्या आणि सम्पची काच या तीन गोष्टींसाठी तयार सेट घेण्यासारखा आहे. पंप, निचऱ्याची मुख्य नळी आणि व्हॉल्व्ह मात्र बहुतेक सेटमध्ये बदलावे लागतात. जाहिरातीत सगळा भर पंपाच्या लिटरवर आणि मीडियाच्या (जिवाणू वाढायला घातलेल्या रिंगा वगैरे) किलोवर असतो. सेट चालणार की फरशी भिजवणार, हे ठरतं निचऱ्याच्या नळीच्या मापावर आणि सम्पमधल्या बॅफलच्या, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या काचेच्या, उंचीवर. ती दोन मापं पत्रकात सहसा छापलेलीच नसतात, विचारून घ्यावी लागतात.

इथे जो ढाचा धरला आहे तो घरगुती सेटमध्ये नेहमी दिसणारा आहे : 60×40×40 सेंमीच्या सहा टाक्या, तीन-तीनच्या दोन मजल्यांत, खाली 90×40×40 सेंमीचा सम्प, प्रत्येक टाकीला मागच्या काचेत 25 मिमीचं बल्कहेड (भोकात बसणारा निचऱ्याचा जोड), दोन्ही मजल्यांच्या निचऱ्याला मिळून एकच 40 मिमीची नळी, ताशी 4000 लिटरचा पंप. टाकीत पाणी 36 सेंमीपर्यंत धरलं तर एका टाकीत 86 लिटर, सहांत 518 लिटर. सम्पमधलं चालू पाणी धरून सगळी मिळून साधारण 600 लिटरची यंत्रणा.

रॅक आणि टाक्या

रॅकबद्दल फारशी तक्रार नाही. एका मजल्यावर तीन टाक्या, त्यांची काच आणि तळाची वाळू मिळून 330 किलोच्या आसपास वजन येतं. चौकोनी लोखंडी नळीचा, वेल्ड केलेला आणि पावडर कोटिंगचा सांगाडा ते पेलतो. नटबोल्टचे पत्र्याचे रॅक मात्र नकोत. ते उभ्या वजनाला टिकतात, पण आडवा धक्का बसला की कोपऱ्यांत हलतात आणि हलणाऱ्या रॅकवर काचेचे सांधे फार काळ टिकत नाहीत. खालच्या टाकीची वरची कड आणि वरच्या फळीचा तळ यांत 25 सेंमी तरी मोकळी जागा हवी. दुकानात 15 सेंमीचे रॅक आटोपशीर दिसतात. जाळी घालून मासा पकडायची वेळ आली की हात कोपरापर्यंतही आत जात नाही.

टाक्यांना भोकं पाडून मिळणं हा तयार सेटचा खरा फायदा. डायमंड होल सॉ, सतत पाणी, कमी वेग आणि हाताचा जोर न लावणं एवढं पाळलं तर साध्या काचेला घरीही भोक पडतं, पण सहा टाक्यांत एखादी तडकतेच. टेम्पर्ड काचेला भोक पाडता येत नाही, तिचा चुरा होतो. टाकी आली की एकच गोष्ट मोजावी : भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर आहे का. कमी असेल तर टाकी परत करावी.

बल्कहेडची रबरी गॅस्केट कॉलरच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आतून बसते, नटाच्या बाजूला नाही. काही सेट उलट बसवून येतात. मग पाणी आट्यांतून झिरपत राहतं आणि लोक नट आवळत बसतात. हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. गॅस्केटला सिलिकॉन लावू नये. पुढे ते खोलायची वेळ आली की काच धोक्यात येते.

भोकाऐवजी काठावर अडकवायचा सायफन बॉक्स देणारे स्वस्त सेटही मिळतात. ते घेऊच नयेत. उलट्या यू नळीत हळूहळू हवेचे बुडबुडे साचतात, सायफन तुटतो, पंप मात्र पाणी वर ढकलत राहतो. वीज जाऊन आली की सहापैकी एखादा बॉक्स पुन्हा सुरू होत नाही, आणि कोणता ते पाण्याच्या डबक्यावरून कळतं.

निचरा

टाकीगणिक 25 मिमीचं बल्कहेड पुरेसं आहे. दर तासाला पाच वेळा पाणी फिरवायचं म्हटलं तर एका टाकीच्या वाट्याला 430 लिटर येतात, तेवढं ही नळी गुळगुळ न करता वाहून नेते. अडचण पुढे आहे. सहांचं मिळून ताशी 2600 लिटर पाणी एकाच 40 मिमीच्या आडव्या नळीत येतं. मीटरला अडीच सेंमी उतार दिला तरी ती नळी जवळपास भरून वाहते, हवेला वाट राहत नाही. वरच्या मजल्याचं पाणी खाली येताना हवा ढकलतं, ती हवा खालच्या टाक्यांच्या निचऱ्यातून उलटी वर येते. टाकीत भकाभका बुडबुडे, पातळी दोन सेंमी वर-खाली आणि रात्रभर आवाज. ग्राहक पंपाला दोष देतो, विक्रेता व्हॉल्व्ह फिरवायला सांगतो.

उपाय दोन. मुख्य नळी 50 मिमीची घालावी. तेवढंच पाणी तिच्यात साधारण अर्ध्यापर्यंत राहतं आणि वरून हवा खेळते. किंवा 40 मिमीच ठेवून प्रत्येक मजल्याची नळी स्वतंत्रपणे सम्पपर्यंत आणावी. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण एका मजल्याचा निचरा खोलायचा झाला तर दुसरा चालू राहतो. दोन्हींत आडव्या नळीच्या वरच्या टोकाला उभा, तोंड उघडं असलेला व्हेंट ठेवावा, तोही टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. काटकोनी एल्बोच्या जागी शक्य तिथे 45 अंशांचे दोन घालावेत. गाळ काटकोनातच बसतो. निचऱ्याची नळी सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवावी. जास्त खोल गेली की हवा बाहेर पडताना ढेकर दिल्यासारखी उसळते.

निचऱ्यावर बॉल व्हॉल्व्ह लावून येणारे सेट बरेच आहेत. टाकीला एकच भोक असेल तर तो व्हॉल्व्ह काढून टाकावा. एकाच निचऱ्यावर प्रवाह आवळून आवाज बंद होतो खरा, पण नंतर एक पान किंवा गोगलगाय अडकली की वाट पूर्ण बंद. आवळायचाच असेल तर शेजारी दुसरं, मोकळं, आणीबाणीचं भोक हवं.

निचऱ्याच्या तोंडावरच्या जाळीचंही तसंच. फार बारीक जाळी पानांनी आणि शेवाळाने दोन दिवसांत बुजते. फार मोठी ठेवली तर गप्पीची पिल्लं सम्पमध्ये पोहोचतात. पिल्लांच्या टाकीपुरता जाड छिद्रांचा स्पंज चढवावा आणि तो आठवड्याला पिळावा, बाकी टाक्यांना 4-5 मिमीच्या फटींची जाळी ठेवावी.

सम्प : चार सेंटिमीटरचा फरक

पत्रकात "144 लिटरचा सम्प" असं मोठ्या अक्षरांत असतं. त्या आकड्याला तसा अर्थ नाही. पंप बंद पडल्यावर वरून किती पाणी खाली येतं आणि त्यासाठी सम्पमध्ये किती जागा रिकामी आहे, एवढंच बघायचं.

एका टाकीचा पृष्ठभाग 2400 चौ. सेंमी, म्हणजे पातळी 1 सेंमी उतरली की 2.4 लिटर. पंप थांबल्यावर प्रत्येक टाकी 3 सेंमी उतरते असं धरलं तर सहांचं 43 लिटर. त्यात 25 मिमीच्या रिटर्न नळीतलं पाणी मिळवा, मीटरला अर्धा लिटर. सहा मीटर नळीला तीन. एकूण 46 लिटर खाली येणार.

आता सम्प. पंप बसतो तो शेवटचा, रिटर्नचा कप्पा 30 सेंमी लांब आणि त्यात चालू पातळी 18 सेंमी. आधीचे कप्पे बॅफलच्या उंचीपर्यंत भरलेलेच असतात, त्यामुळे तिथे जागा मोजायची नाही. बॅफल 28 सेंमी उंच असेल तर रिटर्न कप्प्यात 12 लिटर आणि त्यावर, काठाखाली 2 सेंमी सोडून, सगळ्या सम्पभर 36 लिटर, मिळून 48. जेमतेम बसलं. बॅफल 32 सेंमी असेल तर हाच हिशेब 38 लिटरवर येतो, म्हणजे प्रत्येक वीज जाण्याला आठ लिटर जास्त; काठाखालचे ते 2 सेंमीही भरतात आणि पाणी काठावरून सांडायला लागतं. मीडिया जास्त मावतो म्हणून बॅफल उंच करून विकणारे सेट याच कारणाने नाकारावेत. घेतलाच असेल तर टाक्यांची पातळी उतरण्याचं प्रमाण 2 सेंमीवर आणावं; मग 29 आणि 3 मिळून 32 लिटरच खाली येतात.

ते प्रमाण रिटर्नच्या तोंडावर ठरतं. तोंड पाण्यात 10 सेंमी खोल असेल तर पंप थांबताच तीच नळी उलटा सायफन होते आणि टाकी तोंड उघडं पडेपर्यंत रिकामी होते. टाकीमागे 24 लिटर, सहांचे 144. तोंड पृष्ठभागाखाली एक-दीड सेंमीवर ठेवावं. खोल ठेवायचंच असेल तर नळीला पाण्याच्या पातळीखाली 1 सेंमीवर 4 मिमीचं भोक पाडावं, आणि ते शेवाळाने बुजत नाही ना ते दर आठवड्याला काडीने तपासावं. सेटसोबत येणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं न सोडणाऱ्या झडपेवर) विसंबू नये. त्याच्या आतल्या पडद्यावर क्षार आणि चिकट थर बसतो, महिन्याभरात तो गळू लागतो. शिवाय वरच्या मजल्याचं पाणी त्याला वळसा घालून रिटर्नच्या पाइपांतूनच खालच्या टाक्यांत उतरू शकतं.

उलट बाजूचा धोका मोजणारा विक्रेता विरळाच. एका टाकीचा निचरा बुजला तर? तिच्या वाट्याचे ताशी 430 लिटर येत राहणार. काठाखाली 3 सेंमी मोकळे असतील तर 7 लिटर जागा. ती एका मिनिटात भरते. त्यानंतर रिटर्न कप्पा पंपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे सुमारे 5 सेंमीपर्यंत, उपसला जाईस्तोवर पाणी सांडतं : 15.6 लिटरमधून 7.2 वजा, साधारण साडेआठ लिटर. तिथे पंप हवा ओढू लागतो आणि सांडणं थांबतं. म्हणून रिटर्न कप्पा लहान असणं हा या सेटचा गुण आहे. तो मोठा करून घेणं म्हणजे सांडणारं पाणी वाढवणं.

या गुणाची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. सातही पृष्ठभाग मिळून 1.8 चौ. मीटर होतात. दिवसाला 3 मिमी पाणी उडालं तर साडेपाच लिटर, आणि ही सगळी घट त्या एकाच लहान कप्प्यात दिसते, दिवसाला साडेचार सेंमी. तीन दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर पंप कोरडा. टाक्यांना काचेची झाकणं आणि ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) या दोन गोष्टी इथे ऐच्छिक नाहीत. टॉप-अपची बादली 15-20 लिटरचीच ठेवावी. फ्लोट अडकला तरी तेवढंच पाणी येईल. थेट नळाला जोडलेला फ्लोट व्हॉल्व्ह अडकला तर त्याला अंत नाही.

पंप

ताशी 4000 लिटर हा आकडा शून्य उंचीचा. सम्पच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या पाण्यापर्यंत या रॅकवर दीड मीटर उंची आहे. पंपाची कमाल उंची 3 मीटर असेल तर दीड मीटरवर प्रवाह निम्म्याच्या आसपास उरतो, आणि एल्बो-टींचं घर्षण त्यातूनही खातं. 2600 लिटर प्रत्यक्षात हवे असतील तर 5000 लिटरचा आणि 4 मीटर कमाल उंचीचा पंप घ्यावा. डीसी पंप परवडत असेल तर तोच. वेग कमी-जास्त करता येतो आणि वीज वाचते. पण त्याचा अ‍ॅडॉप्टर सम्पच्या कपाटात ठेवू नये, ओलाव्याने तोच आधी जातो. पंप ते पाइपची जाळी एवढा तुकडा लवचीक होजचा ठेवावा, नाहीतर पंपाची थरथर सगळ्या रॅकला ऐकू येते.

रिटर्नची जाळी एका टोकाला बंद ठेवण्यापेक्षा गोल फिरवून पुन्हा जोडलेली असावी, म्हणजे सगळ्या फाट्यांवर दाब जवळपास सारखा राहतो. तरीही खालच्या मजल्याला जास्त पाणी मिळणार. बारीक जुळवणीसाठी बॉल व्हॉल्व्ह कुचकामी; पाव फेऱ्यात सगळं बंद होतं. गेट व्हॉल्व्ह लावावेत. जुळवताना 10 लिटरची बादली रिटर्नखाली धरावी : ती 84 सेकंदांत भरली की ताशी 430 लिटर. एक व्हॉल्व्ह फिरवला की बाकीचे पाच बदलतात, त्यामुळे खालच्या मजल्यापासून सुरुवात करून दोनदा फेरी मारावी लागते. सम्पमध्ये पाणी कमी होऊ लागलं तर बादली तिथेच रिती करून पुढच्या टाकीला जावं.

मीडिया, हीटर, यूव्ही

सेटसोबत येणारी सिरॅमिक रिंगांची पिशवी ठीक आहे, पण ती कोंबून भरलेली असते. पाणी तिच्या बाजूने निघून जातं आणि आत गाळ साचतो. पहिल्या कप्प्यात 200 मायक्रॉनचा फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) किंवा फ्लॉस (कापसासारखा थर), तीन-चार दिवसांनी बदलायचा. मग जाड आणि बारीक स्पंज. मग जैविक कप्पा. के-1 मीडिया (पाण्यात फिरत राहणारे प्लॅस्टिकचे तुकडे) घालायचा तर कप्प्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरू नये आणि खाली जोरदार एअर स्टोन हवा. न हलणाऱ्या के-1चा पुरा फायदा मिळत नाही. 500 चौ. मीटर प्रति घनमीटर या हिशेबाने 20 लिटर के-1 मध्ये 10 चौ. मीटर उपयोगी पृष्ठभाग मिळतो.

हीटर रिटर्न कप्प्यात ठेवणारे सेट आहेत. चूक आहे, पाणी उतरलं की हीटर उघडा पडतो. बॅफलमधल्या कायम भरलेल्या कप्प्यात ठेवावा. एक 600 वॉटचा घेण्यापेक्षा 300 वॉटचे दोन, बाहेरच्या थर्मोस्टॅटवर. एक चालूच्या स्थितीत अडकला तरी सहा टाक्या शिजत नाहीत. सगळी वीज 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यावी आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच खाली गळेल.

"यूव्ही असल्यामुळे रोग पसरत नाही" हा दावा मानू नये. यूव्ही म्हणजे अतिनील दिवा; तो पाण्यातून त्याच्या नळीत आलेल्या जंतूंनाच मारतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी त्याच टाकीत फुटून त्याच टाकीतल्या माशाला चिकटला तर तो यूव्हीपर्यंत जातच नाही. तरी एका टाकीतून दुसरीत जाणारी पिल्लावळ कमी होते, एवढ्यापुरता तो घ्यावा. मुख्य रिटर्नवर नाही, तर वेगळ्या लहान पंपावर, सावकाश प्रवाहाने. दिवा जळत दिसला तरी वर्षभराने बदलावा. खरा बचाव म्हणजे नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत, स्वतःच्या स्पंज फिल्टरवर आणि स्वतःच्या जाळीसह. ती टाकी या सेटला कधीच जोडायची नाही. औषधही तिथेच द्यायचं. सेटमध्ये तांब्याचं औषध टाकलं तर ते सहाही टाक्यांतल्या कोळंबी आणि गोगलगायी मारतं.

सुरू करताना

सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर 24 तास सुकू द्यावं, मग पुढचे 24 तास नुसत्या पाण्यावर चालवावं. या काळात पंपाचं बटण मुद्दाम बंद करून सम्पची पातळी कुठे येऊन थांबते तिथे मार्करने रेघ ओढावी. चालू पातळीचीही एक रेघ. पुढे कधीही सम्पमध्ये पाणी घालताना या दोन रेघाच कामी येतात.

त्यानंतर मासे न घालता नायट्रोजन चक्र बसवायचं, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे, साधारण चार ते सहा आठवडे. 600 लिटरला 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया म्हणजे अमोनियम क्लोराइड सुमारे 3.8 ग्रॅम. एवढा डोस 24 तासांत शून्य अमोनिया आणि शून्य नायट्राइटवर आला की चक्र बसलं. मासे तरी एकेक टाकी करून घालावेत. नंतर केएचवर (पाण्याच्या क्षारतेवर) नजर हवी : 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जिवाणू साधारण 7 ग्रॅम क्षारता खातात. पाणी मुळातच मऊ असेल तर केएच संपतो आणि सहाही टाक्यांचा पीएच एकदम कोसळतो. नळाचं पाणी थेट सम्पमध्ये ओतत असाल तर क्लोरीन मारणारं औषध ओतलेल्या पाण्यापुरतं नाही, सगळ्या 600 लिटरच्या हिशेबाने घालावं.

कुणी घेऊ नये

एकच पाणी सगळ्यांना, हीच या सेटची ताकद आणि हीच मर्यादा. 28-30 अंश आणि मऊ पाणी मागणारा डिस्कस, 7.8 च्या वरचा पीएच मागणारे आफ्रिकन सिक्लिड आणि थंड पाण्यातला गोल्डफिश यांना एका सम्पवर बसवता येत नाही. कितीही व्हॉल्व्ह लावा. कार्बन डायऑक्साइड देऊन झाडं वाढवणाऱ्यांनीही दूर राहावं, कारण ओव्हरफ्लोमध्ये तो वायू उडून जातो आणि खत मात्र सगळ्या टाक्यांत पसरतं.

टाक्या तीनच असतील, किंवा पिल्लं वाढवण्यापुरत्या तळाला वाळू नसलेल्या टाक्या असतील, तर एक चांगला पिस्टन एअर पंप आणि टाकीगणिक एकेक स्पंज फिल्टर पुरतो. तिथे एका टाकीतला रोग त्याच टाकीत राहतो आणि फरशीवर पाणी येण्याचा धोका फारच कमी असतो. सेट घेणाऱ्यांनी ऑर्डर करतानाच निचऱ्यासाठी 50 मिमीची नळी, सहा गेट व्हॉल्व्ह, पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) आणि पंपाचा एक जादा इम्पेलर (आतला फिरता पंखा) मागून घ्यावा. युनियन नसेल तर इम्पेलर बदलायला पाइप कापावा लागतो.